पिशवीच्या कॅन्सरवर नवीन औषध आलंय म्हणतात, ते आपल्या बाईला लागू पडतं का हे कसं बघायचं

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच जुना मेसेज फिरत आला, "कॅन्सरवर इंजेक्शन सापडलं, शंभर टक्के पेशंट बरे", आणि त्याच्या खाली आतेभावाचं, ताई हे आईला चालतंय का बघ की. मेसेज २०२२ चा आहे. बातमी खोटी नाही बरं का, डोस्टारलिमॅब नावाचं औषध, न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात १२ पेशंटना दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली हे खरंय. पण ते बाराजण गुदद्वाराजवळच्या आतड्याच्या कॅन्सरचे होते, त्यातही गाठीत एक विशिष्ट दोष असलेले, आणि आमच्या आत्याला आहे पिशवीच्या म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा. म्हणजे शेजारच्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून आपल्या बांधावर बोअर घ्यायचा तसला प्रकार.

आत्याच्या आजारपणात मी तीन वर्षं कळंब, बार्शी, मुंबई अशा खेपा केल्या. मी डॉक्टर नाही, लातूरला शाळेत शिकवते, तरी आता गावाकडून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. कोणता उपचार घ्यायचा हे मी सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. नवीन उपचाराची बातमी आली किंवा हॉस्पिटलात कुणी म्हणालं की आमच्याकडं ट्रायल (नव्या उपचाराची चाचणी) चालूय, येता का, तर काय बघायचं, काय विचारायचं, कोणते कागद न्यायचे एवढंच सांगते.

सगळ्यात आधी आजाराचं नाव नीट घ्या. आपल्याकडं सगळ्यालाच "पिशवीचा कॅन्सर" म्हणतात आणि इथंच निम्मा घोळ होतो. पिशवीच्या तोंडाचा म्हणजे सर्व्हिक्सचा वेगळा, तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळं होतो, संबंधानंतर रक्त किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं ही त्याची लक्षणं. पिशवीच्या आतल्या अस्तराचा वेगळा, पाळी गेल्यावर परत लाल दिसलं तर डॉक्टर आधी त्याचीच शंका घेतात. अंडाशयाचा तिसराच, त्यात पोट फुगतं, भूक जाते, बाई सहा महिने गॅसच्या गोळ्या खात बसते. तिन्हीची औषधं वेगळी, तिन्हीवरचं संशोधन वेगळं, एकाची बातमी दुसऱ्याला लावायची नाही. आणि नावासोबत स्टेज. हे दोन शब्द रिपोर्टवरून वहीत लिहून घ्या, इंग्रजीत जसेच्या तसे, कारण पुढं प्रत्येक ठिकाणी हेच विचारतात आणि आपण सांगतो "तिसऱ्या स्टेजचा हाय म्हणाले" आणि तो असतो दोन बी.

आता फाईल. हे मी जरा रागानंच लिहिणार आहे.

आत्याची पिशवी आधीच काढलेली होती. अंगावरून जात होतं, एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली आणि "पिशवी खराब झालीय, काढून टाकू, नाहीतर कॅन्सर होईल" म्हणून काढली. तोंडाची तपासणी नाही, तुकडा नाही. काढलेली पिशवी लॅबला पाठवली ती आतेभावानं हट्ट धरला म्हणून, आणि रिपोर्ट आला तर कॅन्सर निघाला, म्हणजे जे ऑपरेशन कॅन्सरसाठी नीट मोजूनमापून करायचं असतं किंवा करायचंच नसतं ते साधं करून मोकळे झाले होते. आपल्या भागात ही काही एकटीची गोष्ट नाही, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती काढल्या यावर २०१९ साली नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली होती. तर ज्या घरात बाईची पिशवी काढलीय त्यांनी आजच्या आज शोधा, त्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट आहे का. आणि पिशवी काढली म्हणजे सुटलो असंही नाही, अंडाशय तसंच ठेवलेलं असू शकतं, कधीकधी तोंडही तसंच असतं.

फाईलमध्ये काय पाहिजे तर बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशनची नोट म्हणजे आत काय दिसलं आणि काय काढलं ते, डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट नाही, सीडी), झालेल्या किमोच्या तारखा आणि डोस, आणि शेवटचं हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, स्लाइड आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेला छोटा ठोकळा, आणि स्लाइड म्हणजे त्याचीच पातळ चकती लावलेली काच. मोठ्या हॉस्पिटलात तुमच्या गावच्या रिपोर्टवर विसंबत नाहीत, त्यांचा पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतो, आणि नव्या औषधांच्या बऱ्याचशा टेस्ट याच ठोकळ्यावर होतात. लॅबला साधा अर्ज द्यायचा, पेशंटचं नाव, तारीख, बायोप्सी नंबर, "पुढील उपचारासाठी स्लाइड व ब्लॉक मिळावेत", सोबत आधारची झेरॉक्स. आम्हाला आधी "ते इथंच राहतंय" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा लेखी अर्ज नेला तर दहा मिनिटांत दिला. पिशवीत गुंडाळून न्या, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, मराठवाड्याचा मे महिना आहे.

बरं, आता संशोधन म्हणजे नेमकं काय असतं. आत्याला पहिल्यांदा ट्रायल हा शब्द सांगितला तर ती म्हणाली, "मला उंदीर करूलालाव का गं तुम्ही?" मी तिला सोयाबीनवरून सांगितलं. परभणीच्या विद्यापीठानं एमएयूएस ७१ हे वाण काढलं तर ते डायरेक्ट दुकानात आणलं का? आधी प्लॉट टाकले, शेजारी जुनं वाण, तीच माती तेच पाणी, मग मोजलं. आता नवं वाण चांगल्या काळ्या रानात पेरलं आणि जुनं मुरमाड रानात, तर नवं जिंकणारच की, म्हणून कोणतं कुठं पेरायचं हे शास्त्रज्ञाच्या मनावर न ठेवता चिठ्ठी टाकून ठरवतात. बायकांच्या ट्रायलमध्येही तेच, निम्म्यांना आजवरचा सगळ्यात चांगला उपचार, निम्म्यांना नवा, आणि कोण कोणत्या गटात हे कॉम्प्युटर ठरवतो. याला रँडमाइज म्हणतात. त्याच्या आधी छोटे टप्पे असतात, फेज १ मध्ये थोड्याच लोकांवर डोस किती झेपतो ते बघतात, फेज २ मध्ये गाठ कमी होते का, आणि फेज ३ म्हणजे हे शेजारी शेजारी प्लॉट. बातमी वाचली की पहिलं हे बघायचं, फेज कोणती. "उंदरांवर यशस्वी" असेल तर फोन बाजूला ठेवून भाकरी करायला घ्या.

आत्याला मग विचारलं की आपल्याच जिल्ह्यात एवढं मोठं संशोधन झालं ते माहितीय का, तर तिला गावात नर्सबाई आल्या होत्या एवढंच आठवत होतं. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडले, काही गावांत एचपीव्हीची टेस्ट, काहींत पॅप स्मिअर (तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन बघायच्या), काहींत व्हिनेगर लावून तपासणी, आणि काही गावांत तपासणी नाही, फक्त नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या आणि तपासणी नसलेल्या गटात ६४, दोन्ही गट साधारण सारखेच, तीस-चौतीस हजारांचे. आज जगभर एचपीव्ही टेस्टला पहिला मान देतात त्यामागं आपल्या कळंब-भूम-परांड्याकडच्या बायकांचा हा हिशोब आहे. पण याच अभ्यासावर नंतर मोठा वाद झाला, की ज्या गटाला काहीच तपासणी दिली नाही त्या बायकांचं काय. मला दोन्ही बाजू पटतात खरं सांगायचं तर. आपण मात्र त्यातून एक प्रश्न उचलायचा, जो कोणत्याही ट्रायलच्या टेबलावर बसलं की विचारायचा: दुसऱ्या गटाला काय मिळणार? "आज चालू असलेला चांगला उपचार" असं उत्तर आलं तर पुढं बोला.

आता खरी अवघड गोष्ट, निकाल कसा वाचायचा. मी दोनच गोष्टी बघते, कुणाला दिलं, आणि कशापेक्षा बरं निघालं. उदाहरणं घेऊनच सांगते नाहीतर डोक्यात राहत नाही.

"आधी किमो द्या" हे ऐकलं असेल. टाटामध्ये ६३५ बायकांवर ट्रायल झाली, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, मधल्या स्टेज, एका गटाला आधी किमो मग ऑपरेशन, दुसऱ्या गटाला डायरेक्ट लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत किमो. निकाल २०१८ चा. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका, किमो-मग-ऑपरेशनमध्ये शंभरात ६९, आणि लाईटवाल्या गटात ७७ च्या आसपास. म्हणजे ऑपरेशनवालं मागं पडलं. आपल्याकडं तर ऑपरेशन झालं म्हणजे "मुळापासून काढलं" असा सगळ्यांचा समज, लाईट म्हणजे दुय्यम. या कॅन्सरमध्ये तसं नाही. मग २०२४ मध्ये इंटरलेस नावाच्या ट्रायलचा निकाल आला, ५०० बायका, ब्रिटन, मेक्सिको, भारत, इटली, ब्राझील, त्यात पण "आधी किमो", पण इथं सहा आठवडे दर आठवड्याला हलकी किमो आणि सातव्या आठवड्यापासून लगेच लाईट, मध्ये खाडा नाही, ऑपरेशन नाही. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका शंभरात ८०, नुसत्या लाईट-किमोच्या गटात ७२. बघा, दोन्हीकडं शब्द तेच, आधी किमो, आणि अर्थ उलटा. म्हणून कुणी म्हणालं "आधी किमो चांगली असते म्हणे" तर विचारायचं, कशाच्या आधी?

त्याच सुमारास दुसरी एक ट्रायल गाजली, पेंब्रोलिझुमॅब म्हणजे इम्युनोथेरपीचं, शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं इंजेक्शन लाईट-किमोसोबत देणारी, एक हजारावर बायका, तीन वर्षांनी जिवंत शंभरात साधारण ८३ विरुद्ध ७५. दोन्हीकडं फरक शंभरात आठेक बायकांचा. दोन्ही ट्रायलमधल्या बायका सारख्या नव्हत्या, दुसरीतल्यांचा आजार जास्त पुढं गेलेला होता, वर्षंही वेगळी, त्यामुळं हे आकडे समोरासमोर ठेवून "हे बरोबर ते चूक" म्हणता येत नाही. पण इंटरलेसमधली औषधं कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, जुनी, सरकारी दवाखान्यात मिळणारी, आणि पेंब्रोचं बिल लाखांत जातं, तेही एकदा नाही, वर्ष-दोन वर्षं. बातम्या मात्र महागड्या इंजेक्शनच्याच येतात, जुन्या औषधाची जाहिरात कोण करणार. शेत विकायच्या आधी डॉक्टरांना हे सरळ विचारा, की साहेब, साध्या औषधांनी होण्यासारखं काही आहे का, आणि हे महागडं घेतलं तर शंभरात किती बायकांना जास्त फायदा. "शंभरात किती" असंच विचारा. "धोका ४० टक्क्यांनी कमी" असलं उत्तर घेऊन घरी येऊ नका, कारण शंभरातल्या दहा जणींचा धोका सहावर आला तरी ४० टक्केच आणि पन्नासचा तीसवर आला तरी ४० टक्केच.

नवीन म्हणजे चांगलं असं तर मुळीच नाही. दुर्बिणीनं ऑपरेशन, छोटे टाके, दोन दिवसांत घरी, कुणाला नको असतं? २०१८ ला ६३१ बायकांच्या ट्रायलचा निकाल आला, पिशवीच्या तोंडाचा सुरवातीचा कॅन्सर, दुर्बिणीनं किंवा रोबोटनं केलेलं मोठं ऑपरेशन विरुद्ध पोट उघडून केलेलं. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका, दुर्बिणवाल्या ८६ आणि पोट उघडलेल्या ९६-९७. जगभरच्या सर्जननी आपली पद्धत बदलली त्यानंतर. तरी अजून बोर्डावर "दुर्बिणीद्वारे कॅन्सर ऑपरेशन" लिहिलेलं दिसतं, तर विचारा, कोणत्या कॅन्सरचं?

आत्याच्या कामाला आली ती यापेक्षा साधी ट्रायल. ऑपरेशननंतर लाईट घ्याव्या लागणाऱ्या ३०० बायका, टाटाचीच, पार्सर नावाची, २०२१ ला छापली. लाईट तीच, मशीन नेम धरायची पद्धत वेगळी, एका गटाला साधी थ्रीडी आणि दुसऱ्याला आयएमआरटी, म्हणजे रोज फोटो काढून आतडं वाचवत देतात ती. कॅन्सर दोन्हीकडं सारखाच आटोक्यात. पण तीन वर्षांत आतड्याचा त्रास, म्हणजे सारखं संडासला पळणं, रक्त पडणं, असला, थ्रीडीमध्ये शंभरात ४२ बायकांना आणि आयएमआरटीमध्ये २१. निम्म्यावर! माझ्या आत्याचं घर शेतात, संडास लांब, तिच्यासाठी हा आकडा इंजेक्शनच्या बातमीपेक्षा मोठा होता. मी तो कागद प्रिंट काढून नेला आणि डॉक्टरांना विचारलं की इथं हे होतं का. ते हसले, म्हणाले वाचून आलात वाटतं, आणि नीट समजावून सांगितलं. सगळे हसतीलच असं नाही, एकजण बार्शीच्या आधी आम्हाला "गुगल डॉक्टर" म्हणाले होते. म्हणू द्या.

अंडाशयाच्या आणि अस्तराच्या कॅन्सरचं थोडक्यात सांगते कारण आमच्या घरात ते नव्हतं, पण फोन येतात. अंडाशयाचा असेल तर बीआरसीए ही जनुकातला दोष बघायची टेस्ट झालीय का ते विचारा, रक्तावर किंवा त्या ब्लॉकवर होते. दोष निघाला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या किमोनंतर देतात, सोलो १ नावाच्या ट्रायलमध्ये ३९१ बायका होत्या, सगळ्या हा दोष असलेल्या, सात वर्षांनी गोळीवाल्या गटात शंभरात ६७ जिवंत आणि दुसऱ्यात ४६-४७. दोष नसेल तर एवढा फायदा मोजू नका. आणि दोष निघाला तर लेकी-बहिणींचीही तपासणी लागते, सासरी कळलं तर काय म्हणतील म्हणून लपवू नका. पोटात गरम किमो फिरवतात ती हायपेक, तिची नेदरलँडची ट्रायल २४५ बायकांची, तिसऱ्या स्टेजच्या आणि आधी किमो झालेल्याच, तिथं सरासरी आयुष्य ३४ महिन्यांवरून ४६ च्या आसपास गेलं. सगळ्यांना सरसकट नाही. अस्तराच्या कॅन्सरमध्ये एमएमआर ही टेस्ट मागा, ब्लॉकवरच होते, सुरवातीला सांगितलेला गाठीतला तो विशिष्ट दोष आहे का ते त्यात कळतं. तो व्हायरल डोस्टारलिमॅब इथं खरंच कामाचा आहे, आजार पसरलेला किंवा उलटलेला असेल आणि एमएमआरचा दोष असेल तर किमोसोबत दिल्यावर दोन वर्षं आजार न वाढलेल्या बायका शंभरात ६१, नुसत्या किमोवर १६. म्हणजे आतेभावाच्या मेसेजमधलं औषध खोटं नव्हतं, पत्ता चुकला होता.

ट्रायल शोधायची कुठं? गुगलवर सीटीआरआय (CTRI) टाका, आयसीएमआर म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची सरकारी साइट आहे, २००७ पासून, आणि २००९ पासून देशातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल तिथं नोंदवावी लागते. पैसे नाहीत, लॉगिन नाही. इंग्रजी आहे, पोराला बसवा शेजारी. सर्चमध्ये कॅन्सरचं इंग्रजी नाव टाका, भरपूर यादी येईल, घाबरू नका, त्यात निम्म्या कॉलेजच्या पोरांच्या थिसिस असतात, भूल देण्यावरच्या, टाक्यांवरच्या. प्रत्येक ट्रायलचं पान उघडलं की खाली बघायचं, रिक्रूटमेंट स्टेटस ओपन आहे का, साइट्समध्ये कोणती गावं आहेत, आणि इन्क्लुजन-एक्सक्लुजन म्हणजे कुणाला घेणार, कुणाला नाही. ट्रायलचा नंबर सीटीआरआय, मग साल, महिना आणि आकडे असा असतो, तो वहीत घ्या. कुणी ट्रायल म्हणत असेल आणि हा नंबर देत नसेल तर उठून या. पैसे मागत असेल तर चहासुद्धा पिऊ नका.

मराठवाड्यातून बहुतेकांना संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, बार्शी, नाहीतर परळचं टाटा हेच रस्ते. देशातली बरीच कॅन्सर हॉस्पिटलं नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाच्या एका जाळ्यात आहेत, सगळीकडं एकाच पद्धतीनं उपचार व्हावेत म्हणून, त्यामुळं टाटात लिहून घेऊन लाईट जवळ घ्यायची सोय होते का हे नक्की विचारा. रोजची लाईट पाच आठवडे असते, आठवड्यातून पाच दिवस, मग आतली लाईट, म्हणजे आतूनच गाठीच्या जागेजवळ देतात ती, आणि सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला पाहिजे. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. सोयाबीनची सुगी आली, पोरीचं बाळंतपण आलं, गौरी आल्या म्हणून दहा दिवस गॅप पडला तर जो फायदा जातो तो कोणत्याही नव्या इंजेक्शननं भरून येत नाही. टाटाच्या ८५० बायकांच्या ट्रायलमध्ये, थ्री बी स्टेज, नुसत्या लाईटवर पाच वर्षांनी शंभरात ४६ जिवंत आणि लाईटसोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलं तर ५४. आठ बायका, त्यापण स्वस्तातल्या औषधानं. पण सिस्प्लॅटिन किडनीवर येतं, म्हणून क्रिएटिनिन बघतात, आणि आपल्या बायका हिमोग्लोबिन सात घेऊन येतात आणि किमो पुढं ढकलली जाते. काढे, पावडरी चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, रागावले तरी सांगा. गाठीनं लघवीची नळी दाबली असेल तर आधी स्टेंट म्हणजे बारीक नळी टाकून क्रिएटिनिन खाली आणतात, तेव्हा "किडनी फेल, आता काही नाही" म्हणून घरी आणू नका.

पैशाचं, महात्मा फुले योजनेत लाईट, किमो, ऑपरेशन बसतं, रेशन कार्ड आणि आधार जुळतंय का ते घरूनच बघून जा, आत्याचं नाव आधारवर एक आणि रेशनवर माहेरचं, चार दिवस त्यात गेले. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला सवलत आहे, फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्क्यानं मिळतो, पहिल्याच खेपेला मागून घ्या. लातूर-मुंबई गाडीचं रिझर्वेशन मात्र पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात आली की त्याच दिवशी टाका.

आता समजा ट्रायलमध्ये या म्हणाले. आम्हालाही म्हणाले होते. एक संमतीपत्र देतात, लांबलचक, ते मराठीत मागायचं, हक्क आहे. घरी घेऊन जाऊ द्या म्हणायचं, रात्रभर वाचायचं. बाईला वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना त्यांच्या टीममधला नसलेला साक्षीदार लागतो आणि मग अंगठा. अंगठा बाईचा पाहिजे, नवऱ्याचा नाही, आणि तिला कळलंय का हे तिलाच विचारा, आमच्यात सगळं मामा आणि आतेभाऊच बोलत होते, डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलली. २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणं नव्या औषधाच्या ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते, हे कागदात कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. औषध फुकट का, जास्तीच्या तपासण्या कुणाच्या पैशानं, येण्याजाण्याचे मिळणार का, किती खेपा जास्त, ट्रायल संपल्यावर गुण येत असेल तर औषध पुढं मिळणार का, आणि रात्री बारा वाजता गावाकडं ताप भरला तर फोन कुणाला. सोडून जाता येतं का, तर येतं, कधीही, कारण न सांगता.

आत्यानं सगळं ऐकलं. त्या अभ्यासात दर महिन्याला जास्तीची एक खेप होती आणि तिनं विचारलं, "मी नाही म्हणलं तर लाईट बंद करनार का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही हो मावशी. मग ती नाही म्हणाली, आणि लाईट ठरल्या दिवशीच सुरू झाली. आमच्याच खोलीतल्या जालन्याच्या एक काकू दुसऱ्या एका ट्रायलला हो म्हणाल्या, त्यांना कॉम्प्युटरनं जुन्या उपचाराच्या गटात टाकलं तेव्हा दोन दिवस जेवल्या नाहीत, वाटलं आपल्याला उरलंसुरलं मिळालं. म्हणून हो म्हणायच्या आधीच घरात बोलून ठेवा की कोणताही गट येऊ शकतो.

आणि ब्लॉक. तपासणी झाली की हॉस्पिटलातून तो परत मागून घ्या, कितव्या नंबरचा दिला होता ते पावतीवर बघून, आम्ही विसरून गाडीत बसलो होतो आणि आतेभाऊ दादरवरून परत परळला गेला होता.